दंड वाढवला की लोक नियम पाळतात, हे संशोधनातून खरंच सिद्ध झालं आहे का?

तुमच्या समितीतला वाद मला समजला तो असा: निम्मे सदस्य म्हणतात दंड दुप्पट करा, लोक आपोआप सरळ होतील. उरलेले म्हणतात माणूस मुळातच स्वार्थी, काहीही करा, तो पळवाट काढणारच. माणसांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्यांचं यावर काय म्हणणं आहे, असं तुम्ही विचारलं आहे. नियम मोडणाऱ्यांची संख्या फलकावर लावावी का, हेही विचारलं आहे. त्याकडे शेवटी येते.

सामाईक साधनांचा कारभार लोक कसा चालवतात, हा माझा शिकवण्याचा विषय आहे आणि या प्रश्नाबद्दल मला फार तळमळ वाटते, कारण चुकीच्या उत्तरापायी चांगल्या चाललेल्या गोष्टी मोडतात. माझं मत आधीच सांगून टाकते. दंडाची रक्कम फार थोडं ठरवते. नियम कोणी केला, दंड कोण लावतं आणि बाकीचे तो नियम पाळताना दिसतात का, यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं.

दंडाच्या बाजूने बोलणाऱ्यांना आधी त्यांचं श्रेय देऊ. १९६८ मध्ये अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी मांडलं की नियम मोडणारा माणूस हिशेब करत असतो. एका पारड्यात फायदा, दुसऱ्या पारड्यात शिक्षा गुणिले पकडलं जाण्याची शक्यता. हा हिशेब खोटा नाही. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांत काम करणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यांना राजनैतिक संरक्षणामुळे पार्किंगचा दंड भरायची सक्ती करता येत नव्हती. १९९७ च्या अखेरीपासून २००२ पर्यंत दंडाच्या दीड लाखांहून जास्त पावत्या थकल्या. २००२ मध्ये कायदा बदलला, थकबाकीदार गाड्यांच्या खास नंबर प्लेट काढून घेता येऊ लागल्या, आणि नियमभंग जवळजवळ ९८ टक्क्यांनी घसरले. धाक चालतो, याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल.

पण हे आकडे रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासातले आहेत, आणि त्याच अभ्यासात दुसरीही एक गोष्ट आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. शिक्षा शून्य होती त्या काळातही नॉर्वे, स्वीडन, जपान, कॅनडा या देशांच्या अधिकाऱ्यांची एकही पावती थकलेली नव्हती. काही देशांच्या बाबतीत मात्र दर अधिकाऱ्यामागे वर्षाला शंभराहून जास्त पावत्या होत्या. रस्ते तेच, संरक्षण तेच, भीती कुणालाच नाही. ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त मानला जातो, तिथल्या अधिकाऱ्यांच्या पावत्याही जास्त, असा संबंध त्या दोघांना आढळला. माणूस आपल्या समाजातली नियमांची चाड किंवा बेफिकिरी सोबत घेऊन फिरतो. निव्वळ स्वार्थाच्या सिद्धान्तात नॉर्वेचा तो अधिकारी कुठेच बसत नाही.

आणखी एक बारकावा: धाक म्हणजे मोठा दंड नव्हे. इटालियन विचारवंत बेकारिया यांनी १७६४ मध्येच लिहिलं होतं की शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती होणारच ही खात्री माणसाला आवरते. गुन्हेगारीच्या अभ्यासकांनी, विशेषतः डॅनियल नेगिन यांनी, पुढच्या संशोधनाचे आढावे घेतले, तेव्हाही निष्कर्ष तोच निघाला. पकडलं जाण्याची शक्यता होती तेवढीच ठेवून नुसता दंड दुप्पट करणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी उपयोगी मार्ग आहे. समित्यांना तोच आवडतो, कारण त्यासाठी एक ठराव पुरतो.

आता ज्या प्रयोगामुळे या विषयाची चर्चाच बदलली, तो जरा सविस्तर सांगते. इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी १९९८ मध्ये दहा पाळणाघरं निवडली. मुलांना चार वाजेपर्यंत घेऊन जायचं, असा तिथला नियम होता. काही पालक उशिरा यायचे आणि तोवर एखादी शिक्षिका ताटकळत थांबायची. पहिले चार आठवडे नुसती नोंद ठेवली. मग दहापैकी सहा पाळणाघरांत सूचना लागली: दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर दर मुलामागे १० शेकेल (तिथलं चलन) दंड. उशीर कमी होईल असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. उशिरा येणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि जवळपास दुप्पट होऊन तिथेच स्थिरावली. दंड नसलेल्या चार पाळणाघरांत काहीच बदललं नाही.

दंडाआधीचा उशीर डोळ्यांसमोर आणा. धावत येणारा बाप, दारात पर्स खांद्याला लावून उभी असलेली शिक्षिका, तिच्या चेहऱ्यावरचा थकवा, त्याची ओशाळवाणी माफी. कुणीतरी आपल्यासाठी थांबलं आहे, हे त्याला बोचायचं, आणि ती बोच त्याला एरवी वेळेवर आणायची. १० शेकेल ठरल्यावर त्याच उशिराची किंमत ठरली. पैसे टाकले, हिशेब मिटला. शिक्षिकेचं थांबणं आता उपकार राहिलं नाही, ती विकत घेतलेली सेवा झाली.

रक्कम फारच कमी होती, ५०० शेकेल लावले असते तर सगळे वेळेवर आले असते, असा आक्षेप यावर नेहमी येतो. आले असते, बहुधा. तरी त्या आक्षेपाने माझं समाधान होत नाही, कारण प्रयोगाचा शेवट अजून सांगायचा आहे. सतराव्या आठवड्यात दंड रद्द केला. उशिराची किंमत पुन्हा शून्य झाली, पण ओशाळणं परत आलं नाही. पालक उशिरा येतच राहिले. बाजारभाव लावून पाहू, नाही जमलं तर मागे घेऊ, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा शेवट नीट वाचावा. नात्यातली भीड एकदा मोडली की सूचना फाडून ती जोडता येत नाही.

मग माणूस स्वार्थी आहे की नाही? प्रयोगशाळेतला एक साधा खेळ यावर बरंच सांगतो. मी तो वर्गातही खेळवते. चौघांचा गट, प्रत्येकाला २० नाणी. हवी तितकी स्वतःकडे ठेवा, हवी तितकी सामाईक डब्यात गुपचूप टाका. डब्यातल्या दर नाण्यामागे चौघांनाही प्रत्येकी ०.४ मिळतात. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाच्या हाती ३२ येतात, कुणीच काही टाकलं नाही तर २० च राहतात. पण तिघांनी सगळं टाकलं आणि एकाने काहीच नाही, तर त्या एकाला ४४ मिळतात आणि उरलेल्यांना २४.

पहिल्या फेरीत मुलं साधारण निम्मी नाणी टाकतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत वर्गातला आवाज बदलतो. "कोण आहे तो?" असं कुणीतरी मोठ्याने विचारतं, आणि पुढच्या फेरीत विचारणाऱ्याचाच हात आखडतो. ओतणारे आटत जातात, शेवटी डबा जवळजवळ रिकामा. बाहेरून पाहणारा म्हणेल, बघा, सगळे स्वार्थी. प्रत्यक्षात तसं नसतं. फिशबाखर, गेश्टर आणि फेर यांनी २००१ मध्ये प्रत्येकाला वेगळं विचारलं की इतरांनी सरासरी इतकं टाकलं तर तुम्ही किती टाकाल. सुमारे निम्म्यांचं उत्तर असं होतं की इतर जितकं टाकतील त्या प्रमाणात आम्हीही टाकू. पूर्णपणे फुकट खाणारे जेमतेम एक तृतीयांश निघाले. म्हणजे गटातला सगळ्यात मोठा घटक संतही नाही आणि लबाडही नाही. तो इतरांकडे बघून ठरवतो. डबा आटतो तो या माणसांना आपण मूर्ख ठरतोय असं वाटू लागल्यामुळे. तुमच्या समितीतल्या दोन्ही गटांच्या नजरेतून हाच माणूस सुटला आहे.

फेर आणि गेश्टर यांनी याच खेळात एक मुभा दिली: स्वतःचं एक नाणं खर्च करून दुसऱ्याची तीन कापता येतील. पुढच्या फेरीत गट बदलणार, हीच माणसं पुन्हा भेटणार नाहीत, शिक्षा करणाऱ्याला फायदा काहीच नाही. तरीही लोकांनी पदरचे पैसे मोडून फुकट्यांना शिक्षा केली आणि डबा भरू लागला. मात्र २००८ मध्ये सोळा शहरांत हा खेळ झाला तेव्हा एक अस्वस्थ करणारं चित्र पुढे आलं. बोस्टन किंवा मेलबर्नमध्ये शिक्षा फुकट्यांना होत होती. अथेन्स, मस्कत अशा काही शहरांत भरपूर टाकणाऱ्यांनाही शिक्षा होत होती, अनेकदा सूड म्हणून. तिथे शिक्षेने सहकार्य वाढलं नाही. कायद्याच्या राज्यावर लोकांचा विश्वास कमी आणि सार्वजनिक नियमांची चाड कमी, तिथे हे जास्त दिसलं. तेव्हा "लोकांनाच एकमेकांवर लक्ष ठेवू द्या" हाही रामबाण उपाय नाही.

इथे सामाईक साधनांच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रम यांचं काम आठवावंच लागतं. १९६८ मध्येच गॅरेट हार्डिन यांनी लिहिलं होतं की सामाईक कुरणात प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडणार आणि कुरण उजाड होणार. ऑस्ट्रम यांनी खरीखुरी कुरणं, कालवे, मासेमारीच्या जागा यांच्या नोंदी जमवल्या आणि शेकडो वर्षं न उजाडलेल्या व्यवस्था दाखवून दिल्या. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा १५१७ चा नियम पाहा. हिवाळ्यात जितकी गुरं स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, तितकीच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर न्यायची. मला हा नियम फार आवडतो. शेजाऱ्याच्या गोठ्यात हिवाळाभर किती गुरं होती हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, वेगळा तपास करावाच लागत नाही. स्पेनमधल्या वालेन्सियात पाणीपाळीची व्यवस्था अशी की पुढच्या पाळीचा शेतकरी आपल्या पाण्याची वाट बघत उभाच असतो, त्यामुळे आधीच्याने जास्त पाणी घेतलं तर त्याला लगेच दिसतं. भांडण झालंच तर दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच तोंडी सुनावणी करून जागच्या जागी निकाल देतात. जपानच्या काही गावांत सामाईक जंगलाचे राखणदार चोराकडून पैसे आणि साके (तांदळाची दारू) वसूल करायचे आणि ती त्यांचीच कमाई समजली जायची.

या सगळ्या ठिकाणी दंड होताच. पण पहिल्या चुकीला तो किरकोळ असायचा आणि पुन्हा पुन्हा मोडणाऱ्याला वाढत जायचा, जपानी गावांत शेवटी वाळीत टाकण्यापर्यंत. मला वाटतं, पहिल्या किरकोळ दंडाचं काम वसुलीचं नसतंच. चुकणाऱ्याला कळतं की आपल्यावर लक्ष आहे. आणि पाळणाऱ्यांना कळतं की आपण एकटेच पाळत नाही. वर्गातल्या खेळात हात आखडणाऱ्या त्या मोठ्या घटकाला नेमकी हीच दुसरी खात्री हवी असते. हैफाच्या १० शेकेलमागे असं काही नव्हतं. पालकांना न विचारता वरून आलेली ती रक्कम होती.

मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोत १,५७५ रहिवाशांच्या मुलाखती घेऊन कायदा का पाळता हे तपासलं, तेव्हा शिक्षेच्या भीतीपेक्षा हा अधिकार न्याय्य आहे ही भावना जास्त वजनदार ठरली. ती भावनाही निकाल आपल्या बाजूने लागला का यावर कमी, आणि आपलं म्हणणं कुणी नीट ऐकून घेतलं का यावर जास्त अवलंबून होती.

तेव्हा तुमच्या समितीने आकड्यावर भांडण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात असं मला वाटतं. ज्यांना नियम पाळायचा आहे त्यांना तो करताना विचारलं होतं का? मोडणारा कुणाच्या तरी सहज नजरेस पडतो का? आणि आज लोक नियम निव्वळ भिडेखातर पाळत असतील, तर ती भीड विकायची तुमची तयारी आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल, तर दंड लावूच नका.

आता तुमचा फलक. "गेल्या महिन्यात इतक्या जणांनी नियम मोडला" असं लिहायचा तुमचा विचार आहे. कृपा करून लिहू नका. अॅरिझोनातल्या अश्मीभूत जंगलाच्या राष्ट्रीय उद्यानात पर्यटक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे उचलून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. "आधीच्या अनेक पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे जंगलाचं रूप बदललं आहे" या अर्थाची पाटी होती तेव्हा जवळजवळ ८ टक्के तुकडे गेले. नुसतं "कृपया लाकूड नेऊ नका" असं लिहिलं तेव्हा २ टक्क्यांहूनही कमी. पहिली पाटी वाचणाऱ्याला एवढंच समजलं की सगळेच नेतात. तुमच्याकडे बहुसंख्य लोक नियम पाळत असतील, तर फलकावर त्यांची संख्या लिहा. पाळत नसतील, तर आकडाच लिहू नका, नुसती विनंती लिहा आणि नियम नव्याने ठरवायला सगळ्यांना एकदा बोलवा.