अँटिबायोटिकच्या आधी कल्चर जावं म्हणून रुग्णालयाच्या संगणक प्रणालीत काय बदलता येईल?

तुमच्या रुग्णालयात एचआयएस (रुग्णालयाची संगणक प्रणाली) आहे, कल्चरची, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची, सोय आहे, तरी सॅम्पल बहुतेकदा पहिला डोस गेल्यावरच निघतं, असं तुम्ही लिहिलंय. मी गोव्यात मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे लॅबच्या बाजूने सांगते.

आधी वेळा तपासा. बऱ्याच ठिकाणी प्रणालीत कल्चरची एकच वेळ असते, डॉक्टरांनी ऑर्डर टाकल्याची. तिच्यावरून काढलेली टक्केवारी छान दिसते, पण खरी नसते. सिस्टरने खाटेजवळच बाटलीचा बारकोड स्कॅन केला, तर रक्त नेमकं कधी घेतलं ते नोंदलं जातं. पहिल्या डोसची वेळ औषधाच्या चार्टवर असतेच. या दोन वेळांमधला फरक वॉर्डनिहाय काढा. ऑपरेशनआधी खबरदारी म्हणून दिलेले डोस त्यातून वगळा, नाहीतर सर्जरीचे वॉर्ड विनाकारण मागे दिसतात.

मग उशीर कुठे होतो ते शोधा. मला तो बिलात सापडलेला आहे. अँटिबायोटिक वॉर्डच्या कपाटात तयार असतं. कल्चरचं लेबल मात्र काउंटरवर पैसे भरल्याशिवाय छापलंच जात नाही. रात्री तापाने फणफणलेला माणूस दाखल होतो, मुलगा खाली रांगेत उभा असतो आणि वर सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं. यात सिस्टरचा काय दोष? तातडीच्या रुग्णाला लेबल आधी, बिल मागाहून, एवढी सोय सॉफ्टवेअरवाल्यांकडून करून घ्या. स्क्रीनवर सतत उघडणाऱ्या सूचनांपेक्षा हिचा उपयोग जास्त होईल, असं मला ठामपणे वाटतं. त्या सूचना आठवडाभरात कुणी वाचेनासं होतं.

शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक निवडलं की त्याच पानावर कल्चरची खूण आपोआप पडलेली असावी, आणि ती काढायची तर कारण निवडावं लागावं. मात्र प्रणालीने औषध कधीही अडवू नये. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात ती अवस्था) रक्तदाब फार खाली गेला, म्हणजे सेप्टिक शॉक असला, तर अँटिबायोटिक 1 तासाच्या आत गेलंच पाहिजे. कल्चरसाठी 45 मिनिटांहून जास्त थांबायचं नाही. चीनने 2021 मध्ये उपचाराआधीच्या या तपासणीचं प्रमाण वाढवणं हे राष्ट्रीय उद्दिष्टच केलं. तिथे राखीव अँटिबायोटिकांसाठी अपेक्षा आणखी कडक आहे. तुम्हीही मेरोपेनेम, कोलिस्टिन अशा राखीव औषधांपासून सुरुवात करा.

आधी-नंतरने खरंच फरक पडतो का, असं डॉक्टर विचारतील. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात गंभीर सेप्सिसच्या त्याच रुग्णांचं रक्त दोनदा तपासलं. औषधाआधी 31.4 टक्के कल्चरमध्ये जंतू वाढले, औषधानंतर दोन तासांच्या आत घेतलेल्यांत 19.4 टक्के.

आपल्या किनारपट्टीवर मला जास्त काळजी मेलिओइडोसिसची, म्हणजे माती-पाण्यातल्या एका जंतूमुळे होणाऱ्या आजाराची, वाटते. पावसाळ्यात चिखलात लावणी करणारा, मधुमेह असलेला शेतकरी ताप आणि न्यूमोनिया घेऊन येतो. त्याला सवयीने सेफ्ट्रिॲक्सोन देतात, पण या जंतूवर ते पुरत नाही. सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम निदान 10 ते 14 दिवस आणि पुढे सुमारे 3 महिने गोळ्या लागतात. ही दिशा कल्चरमुळेच मिळते. ते हुकलं, तर रुग्ण खालावल्यावर बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, पाठवायची वेळ येते आणि तोवर निदान हाती नसतं.

रात्री लॅब बंद असते, ही अडचणही सुटण्यासारखी आहे. प्रौढ रुग्णाच्या प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली रक्त घेऊन ती खोलीच्याच तापमानाला ठेवावी, फ्रिजमध्ये अजिबात नको. वॉर्डात बाटल्या किती उरल्यात ते प्रणालीत दिसू द्या; संपलेल्या बाटल्यांमुळेही कल्चर राहून जातं.

आणि बाटली पॉझिटिव्ह निघाली की ग्रॅम स्टेनचा (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या तपासणीचा) निकाल त्याच तासात डॉक्टरांच्या फोनवर जाऊ दे, सोबत लॅबमधून कुणीतरी बोलू दे. निकाल वेळेवर हातात पडला की पुढच्या रुग्णाचं कल्चर डॉक्टर आपणहून आधी पाठवतात, हे मी पाहिलंय.