‘सुसंस्कृत फॅमिलीस देणे आहे’

प्रश्न असा आहे : डोंबिवलीतला टू बीएचके भाड्याने द्यायचा आहे. ‘फक्त सुसंस्कृत फॅमिलीस देणे आहे’ असा मजकूर केला, तर मुलगी म्हणते, वाचायला बरं वाटत नाही. शिवाय ‘देणे आहे’ बरोबर की ‘द्यायचा आहे’? आणि मास्टर बेडरूमला मराठीत काय म्हणावं?

मुलीशी मी सहमत आहे. ‘आपण काही सुसंस्कृत नाही बुवा’ असं म्हणून कुणी जाहिरात सोडून दिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. म्हणजे चाळणी म्हणून हा शब्द कुचकामी. मात्र आडनाव ऐकून किंवा जेवणाची चौकशी करून ज्यांना आजवर घरं नाकारली गेलीत, त्यांना त्यातला इशारा बरोबर कळतो.

‘फॅमिली’ची तर मराठीत गंमतच आहे. आमच्या चाळीतले एक काका ‘फॅमिली माहेरी गेलीय’ म्हणायचे. फॅमिली म्हणजे काकू! जाहिरातीतली फॅमिली म्हणजे नवरा-बायको आणि असलंच तर मूल. मग नोकरी करणारा मुलगा आणि त्याची आई? दोघी बहिणी? आत्या आणि भाची? हीही कुटुंबंच, पण तुमचा मजकूर वाचून फोन करायला कचरतील. सडाफटिंग भाडेकरूंची धास्ती असते ती गोंगाटाची, नाहीतर दोघांच्या नावावर आठ जण राहण्याची. तर सरळ ‘जास्तीत जास्त ४ जणांसाठी’ लिहा.

शाकाहाराची अट असेलच, तर ‘घरात मांसाहारी स्वयंपाक करू नये’ असं स्पष्ट लिहिलेलं बरं, येणाऱ्याची खेप तरी वाचते. पण शब्द मऊ केले म्हणून अट मऊ होत नाही.

‘भाडेकरू’ हा शब्द छान आहे. ‘यात्रेकरू’सारखाच तो पुरुषालाही चालतो, बाईलाही. घोटाळा क्रियापद करतं : ‘भाडेकरू हवा’ म्हटलं की पुरुषच डोळ्यांसमोर येतो. ‘भाडेकरू हवेत’ लिहा, प्रश्न मिटला.

मास्टर बेडरूमला ‘मुख्य शयनगृह’ म्हणू नका, राजवाड्याची माहितीपत्रिका वाटते. ‘मोठी बेडरूम, आतच संडास-बाथरूम’ हे सगळ्यांना कळतं. अमेरिकेत ‘मास्टर’मध्ये गुलामगिरीच्या काळातला मालक ऐकू येतो, म्हणून ह्यूस्टनच्या इस्टेट एजंटांच्या संघटनेने २०२० मध्ये आपल्या यादीतून तो शब्द काढला. आपल्याकडे मास्टर म्हणजे शाळेतले नाहीतर शिंपी, तेव्हा ते ओझं नाही. तरी मोठी ती मोठी.

‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ हे मात्र खोडाच. कुणाची ५ मिनिटं? गुडघे दुखणाऱ्या आजींची की आठ-बाराची लोकल गाठणाऱ्याची? अंतर लिहा. लिफ्ट आहे म्हणताना लिफ्टपर्यंत पायऱ्या किती तेही लिहा. व्हीलचेअरवाल्याला ‘प्रशस्त, हवेशीर’पेक्षा त्या चार शब्दांचा उपयोग जास्त. आणि क्षेत्रफळ कार्पेटच द्या, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. घरखरेदीदारांसाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत.

आता ‘देणे आहे’. चूक अजिबात नाही, उलट सोयीचं आहे. फ्लॅट द्यायचा, जागा द्यायची, घर द्यायचं, गाळे द्यायचे. ‘देणे आहे’ला लिंग-वचनाची ही कटकट नाही. पाटीवर, छोट्या जाहिरातीत ते शोभतं. बोलताना कुणी म्हणत नाही, आणि म्हटलंच तर समोरच्याला वाटेल तुमच्यावर कर्ज आहे.

मी असं लिहीन :

‘डोंबिवली पूर्व. टू बीएचके भाड्याने देणे आहे. ५६० चौ. फूट कार्पेट. दुसरा मजला, लिफ्ट आहे, लिफ्टपर्यंत ४ पायऱ्या. स्टेशन १ किमी. पाणी सकाळ-संध्याकाळ. जास्तीत जास्त ४ जणांसाठी.’

आकडे अर्थातच तुमच्या घराचे घाला.