बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात नेमकं काय पक्कं करावं?

तुमची मुलगी यंदा वरुडजवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेली, पुस्तक जाडजूड आहे, आणि सगळं पाठ होणं शक्य नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी याच भागात हा विषय शिकवतो. माझ्या मते पहिल्या वर्षी दोन गोष्टी हाडात मुरल्या पाहिजेत: मोलचा (पदार्थातले कण मोजायच्या एककाचा) हिशेब आणि रासायनिक समतोल (अभिक्रिया दोन्ही दिशांनी सारख्याच वेगाने चालते ती स्थिती).

मोलची गणितं मुलं मार्कांपुरती करतात. तिला युरियाची गोणी दाखवा. युरियाचा रेणुभार ६०, त्यात नायट्रोजनचे दोन अणू म्हणजे २८. भागाकार केला की साधारण ४६.७ टक्के येतात; गोणीवर ४६ छापलेलं असतं. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत नत्र २१ किलोच्या आत. मग डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) खत घ्या. त्यावरचा ४६ हा आकडा फॉस्फरसचा नसून फॉस्फरस पेंटॉक्साइडचा आहे; शुद्ध फॉस्फरस जेमतेम २० टक्के. हे तिने स्वतः काढलं की मोल पुन्हा शिकवावा लागत नाही.

समतोल अवघड जातो, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्याच बगीच्यात आहे. संत्र्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. आपल्या काळ्या जमिनीत लोह भरपूर आहे, पण चुनखडीमुळे सामू (पीएच, आम्लतेचं माप) ८च्या आसपास असतो आणि लोह विरघळत नाही. इथे विद्राव्यता गुणाकार (विरघळलेल्या आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार, जो ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही) कामाला येतो. सामू एकाने वाढला की हायड्रॉक्साइड आयन दहापट होतात, फेरिक हायड्रॉक्साइडमध्ये ते तीन, म्हणून पाण्यातलं मोकळं फेरिक लोह हजारपट घटतं. त्यासाठी चिलेटेड लोह, म्हणजे एखाद्या सेंद्रिय रेणूने धरून विरघळलेलं ठेवलेलं लोह देतात. पण जमिनीतून द्यायचं तर ईडीटीए या धरणाऱ्या रेणूचं लोह अशा सामूला टिकत नाही, ईडीटीए लोह सोडून कॅल्शियमला धरतो; ईडीडीएचए या दुसऱ्या रेणूचं टिकतं. आम्लता, विद्राव्यता, संकुल संयुगं (चिलेट त्यातलंच) असे वर्षभरातले तीन धडे एका झाडाखाली शिकून होतात.

तोच ईडीटीए प्रयोगशाळेत पाण्याचा जडपणा (त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) मोजतो. तिला घरच्या बोअरचं पाणी न्यायला सांगा. सामू १० ठेवून टायट्रेशन करायचं, म्हणजे ईडीटीएचं द्रावण थेंबाथेंबाने टाकत मोजायचं, आणि एरिओक्रोम ब्लॅक टी या रंग बदलणाऱ्या सूचकाचा लालसर रंग निळा झाला की थांबायचं. पिण्याच्या पाण्यातल्या जडपणाची स्वीकार्य मर्यादा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला २०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर ६००. तुरीची डाळ का शिजत नाही, तेही त्या आकड्यावरून कळेल. रीडिंग जुळेपर्यंत तिने स्वतःच्या हाताने पुन्हा घ्यावं. मैत्रिणीच्या जर्नलमधून उतरवलेलं रीडिंग पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण मोजायला शिकण्याची तीच तर वेळ असते.

कीटकनाशकाच्या डब्यावरचं लेबल वाचता येणं हेही मी अभ्यासक्रमाचाच भाग मानतो. लाल त्रिकोण सगळ्यात जास्त विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, मजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचं कीटकनाशक कातडीतूनही शरीरात जातं आणि मज्जातंतूंचं एक एन्झाइम बंद पाडतं. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलीने घरात आणि वावरात हे समजावून सांगावं असं मला मनापासून वाटतं.

बंध आणि रेणूंचे आकार समजून घ्यावेत, पाठ करू नयेत. शास्त्रज्ञांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रियांची लांबलचक यादी पुढच्या वर्षावर ढकलली तरी चालेल. लॉगॅरिदम मात्र आत्ताच पक्कं हवं. सामू हे लॉगच आहे, आणि बहुतेक मुलं रसायनात नाही, तिथे अडकतात. बारावीला गणित नसेल, तर पहिला महिना रोज अर्धा तास त्यालाच द्यायला सांगा.