जुन्या स्पीकरला ॲम्प्लिफायर कोणता?

आधी वॉटचा हिशोब बाजूला ठेवा. स्पीकरच्या मागची पट्टी वाचा: ओहम (विजेला होणारा अडथळा) किती आणि सेन्सिटिव्हिटी (ठराविक पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते) किती डेसिबल. सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलने कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट पॉवर. ९२ डेसिबलच्या जुन्या थोराड पेटीला जिथे २० वॉट पुरतात, तिथे ८३ च्या छोट्या पेटीला १६० लागतील. मागचं "कमाल १०० वॉट" मात्र फार मनावर घेऊ नका.

पट्टी निघून गेली असेल तर मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो, ४ चा तीन-साडेतीन. ४ निघाला तर ४ ओहम झेपतील असं स्पष्ट लिहिलेलाच ॲम्प घ्या.

लहान ॲम्प म्हणजे स्पीकरला धोका नाही, असं मीही समजत होतो. १५ वॉटचा ॲम्प पार पिळून वाजवला, क्लिपिंग झालं (ताकद संपून ॲम्प सिग्नलची टोकं कापायला लागला) आणि दोन्ही ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचे छोटे स्पीकर, गेले. तसे ट्वीटर आजतागायत मिळालेले नाहीत! थोडी जास्तीची ताकद बरी, फक्त व्हॉल्यूमवर हात आवरता हवा.

ट्रान्झिस्टरचा ॲम्पही जुनाच घेत असाल तर स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या वर गेलं तर आधी दुरुस्ती, मग गाणी.

आणि हो, वूफरच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून बघा. भुगा होत असेल तर ॲम्पचे पैसे आधी तिकडे वळवा.