प्रथिनाच्या क्रिस्टल स्ट्रक्चरमध्ये एकाऐवजी अनेक मॉडेल्स का बसवतात? ही कल्पना कधीची?

क्ष-किरणांना एक रेणू दिसत नाही. स्फटिकातल्या असंख्य रेणूंची सरासरी दिसते, आणि ते सगळे हुबेहूब सारखे नसतात. पृष्ठभागावरच्या एखाद्या लायसिनची (हे एक अमिनो आम्ल) साइड चेन, म्हणजे मुख्य साखळीतून बाहेर निघालेली शाखा, पाहा. मुळाशी इलेक्ट्रॉन घनता (इलेक्ट्रॉन कुठे किती आहेत, याचा क्ष-किरणांवरून काढलेला नकाशा) ठळक असते, टोकाकडे विरत जाते. एकच मॉडेल असेल तर ते टोक कुठेतरी ठेवून बी-फॅक्टर वाढवणं एवढंच हातात उरतं. बी-फॅक्टर म्हणजे अणू आपल्या जागेभोवती किती पसरलाय याचा आकडा. अणू दोन वेगळ्या जागांत विभागलेला असेल, तर तो आकडा अपुरा पडतो. म्हणून अनेक मॉडेल्स एकत्र बसवतात.

1990 मध्ये ग्रोस, व्हान गुन्स्टेरेन आणि होल यांनी फॉस्फोलिपेज ए2 या एन्झाइमवर मॉलेक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे अणूंच्या हालचालींचं संगणकावरचं अनुकरण, चालवलं. प्रत्येक क्षणाची रचना डेटाशी जुळावी असा हट्ट न धरता त्यांनी काळाची सरासरी जुळवली. मला हीच सगळ्यात सुंदर पायरी वाटते.

पण मॉडेल्स वाढली की बदलण्याजोगे आकडे वाढतात, डेटा मात्र तेवढाच! आर-फॅक्टर, म्हणजे मॉडेल आणि डेटा यांच्यातल्या तफावतीचा आकडा, आपोआप उतरतो आणि फसवतो. 1992 मध्ये ब्रुंगर यांनी आर-फ्री आणला: थोडी रिफ्लेक्शन्स (स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांची मोजमापं) रिफाइनमेंटपासून, म्हणजे मॉडेल डेटाशी जुळवत नेण्यापासून, बाजूला ठेवायची आणि मॉडेल त्यांच्यावर तपासायचं. 2012 मध्ये बर्नली, ग्रोस आणि सहकाऱ्यांनी 20 डेटासेट्सवर एन्सेम्बल रिफाइनमेंट (अनेक मॉडेल्सचा संच एकत्र जुळवणं) करून आर-फ्री उतरल्याचं दाखवलं. ही पद्धत आता फिनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये आहे. वापरायची असेल तर आर-फ्री खरंच उतरतोय का, हे आधी पाहा.