जर्मनीला निघण्याआधी खोलीचं बघ

प्रवेशाचं पत्र आलं ना, मग आजच श्टुडीरेंडेनवेर्कच्या (विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवणारी संस्था) वसतिगृहासाठी अर्ज टाक. व्हिसा येईपर्यंत थांबू नकोस. म्युनिकमध्ये तर प्रतीक्षायादीतच दोन-तीन सेमिस्टर सहज निघून जातात.

खासगी खोली घेणार असशील तर जाहिरातीतलं भाडं 'काल्ट' आहे की 'वार्म' ते आधी विचार. 'काल्ट' म्हणजे नुसतं खोलीचं भाडं, 'वार्म'मध्ये हीटिंग आणि पाणी धरलेलं असतं. डिपॉझिट कायद्याने ३ महिन्यांच्या काल्ट भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. आणि "मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल" असं कुणी म्हणालं तर एक युरोही पाठवू नकोस. आपली कितीतरी मुलं यात फसतात, फार वाईट वाटतं.

राहायला गेल्यावर २ आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो देणार नसेल, तर खोली कितीही स्वस्त असो, सोडून दे.

स्वयंपाकघर बहुधा सामायिक असतं. फोडणी टाकताना खिडकी उघड आणि कॉरिडॉरचं दार लाव, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. कुकरच्या शिट्ट्या रात्री १०च्या आत उरकून घे. पांघरूण-उशी बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, पहिल्या रात्रीपुरती चादर बॅगेत असू दे.