डबल-नेक पेडल स्टील: दुखतं मनगट, पण बघायचं कोपर

पेडल स्टील म्हणजे पायांवर उभी राहणारी आडवी गिटार, पेडल आणि गुडघ्यानं ढकलायच्या लिव्हरनं सूर बदलणारी; डबल-नेक म्हणजे तिच्यावर तारांचे दोन संच (नेक). निपाणीच्या दादांनी विचारलंय की आतल्या नेकवर सगळं ठीक, पण बाहेरच्या ई-नाइनवर (त्या नेकच्या तारा ज्या सुरांत लावतात त्याचं नाव) गेलं की थोड्याच वेळात उजवं मनगट भरून येतं आणि वाजवलेल्या तारा बंदच होत नाहीत. मनगट कसं ठेवावं?

दादा, मनगटाचं राहू द्या, आधी कोपर बघा. आपल्याकडचे बरेच जण हवाईयन गिटारवरून इकडं येतात. ती मांडीवर, खाली असते. मनगट वर काढून बोटं सोडायची सवय तिथलीच. पेडल स्टील उंच, त्यात सी-सिक्स, म्हणजे आतला नेक, पोटाजवळ आणि ई-नाइन पलीकडं. कोपर जागच्या जागी ठेवून नुसता पंजा ताणला की मनगट वाकतं, करंगळीकडची तळव्याची कड तारांवरून सुटते आणि तारा घुमत राहतात. तुमच्या दोन्ही तक्रारी एकच आहेत बघा.

नेक बदलताना खांद्यापासून अख्खा हात न्यायचा. कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत जवळजवळ सरळ रेष राहिली पाहिजे. ई-नाइन वाजवताना कोपराखालचा हात सी-सिक्सच्या तारांना लागला तरी बिघडत नाही; स्विच ई-नाइनवर असताना आतल्या नेकचा आवाज अँपला जातच नाही. पण भार टाकू नका. भार टाकला की तळवा मोकळा उचलत नाही, आणि पाम ब्लॉकिंगचा (तळव्याच्या कडेनं तारा बंद करण्याचा) सगळा खेळ त्या उचलण्यावर आहे. सी-सिक्सवर परतताना उलटं: कोपर मागं जाऊ द्या, बरगडीला चिकटवू नका.

आता बैठक. गणपतीच्या मंडपात मिळणारी हातवाली प्लॅस्टिकची खुर्ची या वाद्याची वैरीण. कोपर मागं न्यायला गेलं की खुर्चीच्या हातावर आपटतं, मग माणूस नकळत मनगट वाकवतो. त्यापेक्षा ड्रमवाल्याचं जादा स्टूल मागून घ्या. उंची स्टुलाचीच बदला. गिटारचे पाय वाढवलेत तर पेडलचे रॉडही लांबवावे लागतात. स्टूल बदलल्यावर गुडघे लिव्हरला नीट पोचतात का तेही बघा.

पंजा फ्रेटबोर्ड संपतो तिथं ठेवा. ब्रिजकडं सरकाल तसा सूर किरटा होतो आणि तार बोटाला कडक लागते. करंगळी-अनामिका दुमडायच्या की सरळ ठेवायच्या यावर लोक तासभर भांडतात; हाताला सोपं पडेल ते करा.

बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. नाहीतर वाजवतानाचा एक फोटो इथं टाका, उजव्या बाजूनं, कोपर दिसेल असा.